रॅटवर प्रोटीन आणि थंडी यांचा एकत्र परिणाम बघायचाय? मग प्रयोग असा लावा

एम.एस्सी.चं डिझर्टेशन असो नाहीतर पीएच.डी.चा सिनॉप्सिस, "आहारातल्या प्रोटीनचा आणि थंडीचा रॅटच्या मेटाबॉलिझमवर परिणाम" हा विषय कागदावर एकदम सोपा वाटतो, तीन डाएट घ्या, दोन तापमानं घ्या, सहा ग्रुप झाले, दोन महिन्यांत डेटा हातात. खरी गोची पुढे होते, कारण हे दोन घटक एकमेकांपासून सुटे नाहीतच. थंडीत रॅट जास्त खातो, जास्त खाल्लं की प्रोटीनही जास्त पोटात जातं, प्रोटीन पचवताना स्वतःच उष्णता निघते आणि ती उष्णता थंडीत अंग गरम ठेवायला वापरली जाते. म्हणजे एकाला हात लावला की दुसरा आपोआप हलतो. त्यामुळे प्रयोगाचा सगळा आराखडा या गुंत्याभोवतीच बांधायला लागतो, नंतर टू-वे अॅनोव्हा (दोन घटकांचे परिणाम वेगळे काढायची सांख्यिकी चाचणी) मारून तो सुटत नाही.

आधी खोलीचं तापमान, मग बाकी सगळं

आपल्या अॅनिमल हाऊसची नेहमीची खोली २२-२३ डिग्रीला असते, आपल्याला तिथे बरं वाटतं म्हणून आपण तिला "नॉर्मल" म्हणतो. रॅटला ती गारच असते. रॅटचा थर्मोन्यूट्रल पट्टा साधारण २८ ते ३० डिग्रीच्या आसपास, म्हणजे जिथे अंग गरम ठेवायला वेगळी ऊर्जा जाळावी लागत नाही असा. २२ ला ठेवलेला, एकटा, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यातला रॅट रोजच थोडं थोडं जास्तीचं जाळत असतो आणि त्याचं ब्राऊन फॅट (उष्णता तयार करणारी तपकिरी चरबी) अर्धवट चालू असतं. म्हणून "२२ डिग्री कंट्रोल आणि ५ डिग्री कोल्ड" असं लिहिलंत तर तुम्ही थोडी थंडी आणि खूप थंडी यांची तुलना करताय, थंडी नसणं आणि असणं यांची नाही.

माझं सरळ मत, कंट्रोल २८ ला ठेवा. जागा आणि परवानगी असेल तर २२ चा तिसरा ग्रुप घ्या, कारण जगभरचे बहुतेक पेपर २२ च्या आसपासचेच आहेत आणि तुलना करायला तो लागतो. पण दोनच तापमानं परवडत असतील तर २८ आणि ५. हैदराबाद, नागपूर, औरंगाबादसारख्या ठिकाणी मे महिन्यात एसी बंद पडला की खोली ३० च्या वर जाते ते वेगळंच, त्यासाठी डेटा लॉगर लावाच, भिंतीवरचं थर्मामीटर सकाळी एकदा बघून वहीत लिहिणं म्हणजे काही रेकॉर्ड नव्हे.

हे एवढं ताणून सांगायचं कारण जुनं आहे. माक्स रुब्नरने १९०२ च्या सुमारास कुत्र्यांवर बघितलं होतं की मांस खायला दिलं की उष्णता वाढते, पण हे गरम खोलीत. गार खोलीत तेच मांस दिलं तर एकूण उष्णता फारशी वाढत नाही, कारण कुत्रा तसाही अंग गरम ठेवायला ऊर्जा जाळतच होता, आता त्यातला काही भाग पचनाच्या उष्णतेने भरून निघाला. म्हणजे प्रोटीनचा "थर्मिक इफेक्ट" दिसणार की नाही हे खोली ठरवते. शंभरहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला आणि अजूनही २२ डिग्रीत हाय-प्रोटीन डाएट देऊन "परिणाम आढळला नाही" असे निष्कर्ष निघतात.

कमी प्रोटीनचा उलटा डाव

बहुतेकांच्या डोक्यात असतं की प्रोटीन जास्त तर मेटाबॉलिझम जास्त, प्रोटीन कमी तर कमी. जिमवाल्या रील्स बघून तर हे अजूनच पक्कं होतं (आणि त्यांच्याच शेजारी आईस बाथच्या रील्स, म्हणजे आपला अख्खा विषय इन्स्टाग्रामवर). रॅटमधे मात्र ही रेष सरळ नाहीये, दोन्ही टोकांना उष्णता वाढते आणि दोन्हीकडची कारणं वेगवेगळी.

जास्त प्रोटीनच्या बाजूला हिशोब समजायला सोपा. अमिनो आम्लं साठवायची सोय नसते, जादा नायट्रोजन युरिया करून बाहेर टाकावा लागतो आणि युरियाच्या एका रेणूमागे ४ एटीपीएवढी (एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन) ऊर्जा जाते. शिवाय प्रोटीन बनवणं-मोडणं, ग्लुकोनिओजेनेसिस (अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवणं), हे सगळं खर्चिकच. लिव्हर आणि किडनी दोन्ही वजनाने वाढतात, तेव्हा त्यांचं वजन घ्यायला विसरू नका.

कमी प्रोटीनच्या बाजूला गंमत आहे. मिलर आणि पेन यांनी १९६२ मधे डुकरांच्या पिल्लांवर दाखवलं की कमी प्रोटीनच्या आहारावरच्या पिल्लाला तेवढंच वजन टिकवायला कित्येक पट जास्त ऊर्जा खावी लागते. ती ऊर्जा जाते कुठे? पुढे रॉथवेल आणि स्टॉक यांनी १९७९ मधे "नेचर"मधे कॅफेटेरिया डाएटवरच्या रॅटमधे ब्राऊन फॅट चालू होतं हे मांडलं, आणि मग कमी प्रोटीनच्या रॅटमधेही तेच बघितलं. (कॅफेटेरिया डाएट म्हणजे बिस्किटं, केक, चिप्स, आणि त्यात प्रोटीनचं प्रमाण आपोआप पातळ होतं, तेव्हा त्या पहिल्या निकालातही प्रोटीनचा हात किती हा वाद रास्तच आहे.) २०१४ मधे लेगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोटीन कमी पडलं की लिव्हरमधून एफजीएफ२१ हे हॉर्मोन वाढतं, आणि ज्या माईसमधे ते जीनच नाही त्यांच्यात कमी प्रोटीनने खाणंही वाढत नाही आणि ऊर्जेचा खर्चही वाढत नाही.

उलट ब्राझीलमधल्या रिबेइराव प्रेतोच्या ग्रुपने (ब्रितो, मिल्योरिनी वगैरे) १९९२ मधे हाय-प्रोटीन आणि अजिबात कार्बोहायड्रेट नसलेलं डाएट रॅटना दिलं तर ब्राऊन फॅटची उष्णता द्यायची ताकद कमी झालेली आढळली. म्हणजे प्रोटीन वाढवून एकूण खर्च वाढतो म्हणून ब्राऊन फॅटही वाढत असेल असं गृहीत धरू नका. दोन वेगळ्या खिडक्या आहेत, दोन्हीतून बघावं लागतं.

थंडीची बाजू तुलनेने स्वच्छ आहे. पहिले काही दिवस रॅट कुडकुडतो, मग दोन ते चार आठवड्यांत न कुडकुडता उष्णता करायला लागतो, नॉरअॅड्रिनलिन ब्राऊन फॅटवर काम करतं, यूसीपी१ हे ब्राऊन फॅटमधलं प्रोटीन माइटोकॉन्ड्रियात प्रोटॉन गळू देतं आणि एटीपी न बनता सरळ उष्णता निघते. ही उष्णता मुख्यतः स्नायूत नव्हे तर ब्राऊन फॅटमधे होते हे फॉस्टर आणि फ्रिडमन यांनी १९७८ मधे कॅनडात थंडीला सरावलेल्या रॅटवर रक्तप्रवाह मोजून दाखवलं. तोवर स्नायूच मुख्य असं मानणारे बरेच होते.

परवानगीचे कागद

यात वेळ जातो म्हणून डाएट मागवायच्याही आधी हे करा. सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती, आधीचं सीपीसीएसईए) चा फॉर्म बी, संस्थेच्या एथिक्स कमिटीपुढे. गाइडलाइनमधे खोलीसाठी १८ ते २९ डिग्री असं आहे, २८ त्यात बसतं, ५ बसत नाही, तेव्हा ५ डिग्री हा प्रयोगाचा भाग आहे हे वेगळं लिहून समर्थन द्यायचं. एकटं ठेवायचं कारणही लिहायचं, कारण रॅट घोळक्याने राहणारा प्राणी आहे आणि एकत्र ठेवले तर एकमेकांना चिकटून बसतात, मग ५ डिग्रीचे ५ राहत नाहीत. वजन किती टक्के घटलं की प्राणी प्रयोगातून काढणार, अंगाचं तापमान कितीखाली गेलं की लगेच गरम खोलीत आणणार, हे आकडे आधीच लिहून ठेवा. कमिटीत कोणीतरी हे विचारतंच, आणि विचारायलाच हवं.

डाएट बनवणं

बाजारातली तयार चाऊ पेलेट (रॅटचं नेहमीचं खाद्य) वापरून त्यात केसिन (दुधातलं प्रोटीन) मिसळणं हा शॉर्टकट घेऊ नका, पेलेटमधे काय किती ते बॅचगणिक बदलतं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशनची एआयएन-९३जी ही १९९३ ची फॉर्म्युला घ्या, ती वाढत्या रॅटसाठी आहे. एका किलोत केसिन २०० ग्रॅम, एल-सिस्टीन ३ ग्रॅम, कॉर्नस्टार्च सुमारे ३९७, डेक्स्ट्रिनाइज्ड स्टार्च १३२, साखर १००, सोयाबीन तेल ७०, सेल्युलोज ५०, मिनरल मिक्स ३५, व्हिटॅमिन मिक्स १०, कोलीन बायटार्टरेट २.५, आणि तेल खवट होऊ नये म्हणून टीबीएचक्यू चिमूटभर. मोठ्या वयाच्या रॅटसाठी ९३एम आहे, त्यात केसिन १४० आणि तेल ४०.

वय आधी ठरवा कारण त्यावर "कमी प्रोटीन"चा अर्थच बदलतो. वाढत्या रॅटला साधारण १५ टक्के प्रोटीन लागतं, वाढ थांबलेल्याला नुसतं टिकून राहायला ५ टक्क्यांच्या आसपास पुरतं. म्हणजे ५ टक्क्यांचं डाएट सहा आठवड्यांच्या पिल्लाला दिलं तर ते कुपोषण आहे, मोठ्या रॅटला दिलं तर जेमतेम. दोन्ही प्रश्न चांगले आहेत पण ते दोन वेगळे प्रश्न आहेत. मला विचाराल तर १२-१४ आठवड्यांचे नर विस्टार (प्रयोगशाळेतल्या रॅटची एक जात) घ्या, वाढीचा खर्च मधे येत नाही आणि हिशोब सुटसुटीत होतो.

तीन पातळ्या ५, २० आणि ४० टक्के केसिन. केसिन ५० केलं की स्टार्च १५० ने वाढवा, केसिन ४०० केलं की स्टार्च २०० ने कमी करा, दोन्ही ग्रॅमला ४ किलोकॅलरीच धरतात म्हणून ऊर्जा तीच राहते. सिस्टीनही त्याच प्रमाणात कमी-जास्त करा, केसिनमधे गंधकवाली अमिनो आम्लं कमी पडतात म्हणून ते घातलेलं असतं. आणि हे लक्षात असू द्या की केसिन म्हणजे शंभर टक्के प्रोटीन नव्हे, साधारण ८५-८७ टक्के, त्यामुळे २०० ग्रॅम केसिन म्हणजे किलोमागे १७० ते १७५ ग्रॅम प्रोटीन. थिसिसमधे "२० टक्के प्रोटीन" लिहिता की "२० टक्के केसिन" लिहिता ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आता यात एक न सुटणारी अडचण आहे, प्रोटीन वाढवलं की स्टार्च कमी झालं, मग जो फरक दिसला तो प्रोटीनचा की स्टार्चचा? ब्राझीलच्या त्या कामातही हाच प्रश्न येतो. पूर्ण उत्तर नाही, पण एक जादा ग्रुप असा घेता येतो की ज्यात प्रोटीन २० च पण स्टार्चच्या जागी काही तेल. नाही जमलं तर निदान चर्चेत हे सरळ लिहा.

मिसळताना मिनरल आणि व्हिटॅमिन मिक्स एकदम मोठ्या ढिगात टाकू नका, आधी वाटीभर स्टार्चमधे घोळवा, मग ते दुप्पट स्टार्चमधे, असं वाढवत न्या. तेल शेवटी, थोडं थोडं. केसिनच्या गाठी होतात, चाळून घ्या. एका वेळी दोन आठवड्यांचं बनवा, पिशव्या बंद करून डीप फ्रीझरमधे. प्रत्येक बॅचमधला मूठभर नमुना बाजूला काढून केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजा, त्यावरून प्रोटीन कळतं. हा १८८३ चा जुना मार्ग आहे पण प्रत्येक बायोकेमिस्ट्री डिपार्टमेंटमधे कुठेतरी ती काचेची मांडणी धूळ खात पडलेली असतेच.

जाता जाता, भारतात वेगवेगळे आहार देऊन रॅट पाळायची परंपरा जुनी आहे. कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसनने १९२० च्या दशकात शीख, पठाण, मराठा, गुरखा, बंगाली, मद्रासी अशा लोकांचे आहार रॅटना देऊन वाढीची तुलना केली होती, शीख आहार पहिला आला. तेच केंद्र पुढे १९५८ ला हैदराबादला गेलं आणि १९६९ ला त्याचं एनआयएन (राष्ट्रीय पोषण संस्था) झालं, आणि तिथली डब्ल्यूएनआयएन विस्टार रॅटची जात आजही वापरतात. तिथून प्राणी आणले असतील तर जातीचं नाव नीट लिहा, नुसतं "विस्टार" नको.

थंडी द्यायची कशी

कोल्ड रूम आहे म्हणून सरळ पिंजरे आत ढकलू नका. बहुतेक कोल्ड रूम केमिकल आणि मीडिया ठेवायला बनवलेल्या असतात, आत हवा खेळत नाही, चार दिवसांत अमोनियाने डोळे चुरचुरतात. हवा बदलायची सोय नसेल तर मोठा बीओडी इन्क्युबेटर (हवं ते तापमान लावता येणारं बंद कपाट) बरा, पंखा असतो, तापमान टिकतं, फक्त प्राणी कमी बसतात. लाइटचं टायमर १२ तास उजेड १२ तास अंधार असं आतच बसवा.

तापमान पायरीपायरीने उतरवा, २८ वरून २२, मग १५, मग १०, मग ५, प्रत्येक ठिकाणी एक-दोन दिवस. २८ ला राहिलेल्या रॅटचं ब्राऊन फॅट झोपलेलं असतं, त्याला एकदम ५ ला टाकलं तर तो कुडकुडूनच दमतो आणि कमी प्रोटीनवालं जनावर तर गमावूही शकता.

थंडीपेक्षा ओल घातक. पाण्याच्या बाटलीचं नळकांडं ठिबकलं आणि तूस ओलं झालं की रात्रीत रॅट गारठून जातो. रोज संध्याकाळी प्रत्येक पिंजऱ्यात हात घालून तूस चाचपायचं, नुसतं बघून कळत नाही. आणि तूस किती घालता ते तोलून घाला, कारण ढीगभर तूस मिळालं की रॅट त्यात घरटं करून बसतो आणि तुमचे ५ डिग्री त्याला १२-१५ वाटतात. सगळ्या ग्रुपना तेवढंच तूस, २८ वाल्यांनाही.

एक तांत्रिक मुद्दा जो परीक्षक काढतातच: तापमान तुम्ही खोलीला देता, रॅटला नाही. एकच थंड खोली आणि एकच गरम खोली असेल तर खोलीतला इतर कुठलाही फरक थंडीच्या नावावर जमा होतो. म्हणून प्रयोग दोन-तीन बॅचमधे करा आणि दोन इन्क्युबेटर असतील तर पुढच्या बॅचला त्यांची अदलाबदल करा, जो थंड होता तो गरम.

वेळापत्रक साधारण असं: एक आठवडा सगळे २८ ला आणि २० टक्क्यांच्या डाएटवर सवय होईपर्यंत, मग आठ-दहा दिवस आपापल्या डाएटवर पण २८ लाच, मग थंडीवाले पायरीने खाली, आणि ५ ला पोचल्यावर तीन ते चार आठवडे.

खाल्लेलं मोजणं, इथेच प्रयोग बनतो किंवा बिघडतो

धरून चला की २८ डिग्रीला तुमचा रॅट दिवसाला १६ ग्रॅम खातो आणि ५ डिग्रीला ३२ (दुप्पट हा अंदाज थंडीसाठी अगदी नेहमीचा आहे). ५ टक्क्यांच्या डाएटवर पहिल्याच्या पोटात ०.८ ग्रॅम केसिन गेलं, दुसऱ्याच्या १.६. म्हणजे थंडीतला "लो प्रोटीन" रॅट हा २८ डिग्रीच्या १० टक्केवाल्याएवढं प्रोटीन खातोय! पिशवीवरचं लेबल दोघांचं सारखं, पण पोटातला ग्रॅम वेगळा. जुन्या कामात, विशेषतः १९६० च्या दशकात अमिनो आम्लांचं असंतुलन असलेल्या डाएटवर, हे दिसलंय की गरम खोलीत जे रॅट खाणं टाकतात तेच थंडीत भरपूर खातात.

यावर लोकांना लगेच पेअर-फीडिंग सुचतं. थंडीवाल्याला गरमवाल्याएवढंच द्यायचं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं आहे, खर्च दुप्पट आणि आवक अर्धी, मग तुम्ही थंडी नाही उपासमार मोजाल. ते करू नका. त्यापेक्षा २८ डिग्रीला एक जादा ग्रुप घ्या आणि त्याला १० टक्के केसिन द्या, म्हणजे त्याचे प्रोटीनचे ग्रॅम थंडीतल्या ५ टक्केवाल्याशी जुळतील. आधी छोटा पायलट करून खरं किती खातात ते काढा आणि मग हा आकडा ठरवा, माझे १६ आणि ३२ उचलू नका. हा एक ग्रुप वाढवला की टक्क्यांचा परिणाम आणि ग्रॅमचा परिणाम वेगळा काढता येतो, आणि व्हायव्हामधे तुमची बाजू भक्कम होते.

पावडर डाएट रॅट भयंकर सांडतात. डब्याला आत वळलेली कड असलेलं झाकण हवं, खाली कागद, सांडलेलं रोज गोळा करून वाळवून तोलायचं, त्यात विष्ठा आणि लघवी मिसळलेली असते म्हणून वाळवणं आवश्यक. ज्या ग्रुपला डाएट आवडत नाही तो जास्त सांडतो, तेव्हा सांडलेलं न मोजणं म्हणजे नेमका त्याच ग्रुपचा आकडा फुगवणं.

ऑक्सिजन, सीओटू आणि लघवी

इनडायरेक्ट कॅलोरिमेट्रीचं (घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला सीओटू मोजून ऊर्जेचा खर्च काढायचं) यंत्र प्रत्येक संस्थेत नसतं, शेजारच्या संस्थेत जाऊन करावं लागलं तरी चालेल पण मोजणी ज्याच्या त्याच्या तापमानाला व्हायला हवी. ५ डिग्रीच्या रॅटला मोजायला २४ डिग्रीच्या खोलीत आणलंत तर तो थंडीला सरावलेला रॅट गरम खोलीत काय करतो ते कळेल, थंडीत काय करतो ते नाही. पिंजऱ्यात घातल्यावर पहिले काही तास टाकून द्या, रॅट बावरलेला असतो, मग पूर्ण २४ तास घ्या कारण तो रात्रीचा प्राणी आहे.

ऊर्जेचं सूत्र वीअरचं, १९४९ चं. दिवसाचा ऑक्सिजन लिटरमधे गुणिले ३.९४१, अधिक सीओटू गुणिले १.१०६, वजा लघवीतला नायट्रोजन ग्रॅममधे गुणिले २.१७. उदाहरणार्थ १० लिटर ऑक्सिजन, ९ लिटर सीओटू, ०.२ ग्रॅम नायट्रोजन, तर ३९.४१ अधिक ९.९५ वजा ०.४३, म्हणजे ४८.९ किलोकॅलरी.

बरेच जण नायट्रोजनचा भाग सोडून देतात, म्हणतात एक टक्काही फरक पडत नाही. वरच्या उदाहरणात खरंच पडत नाही. पण ४० टक्के केसिनवाला रॅट दिवसाला १ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन टाकतो, तिथे तोच फरक ४ टक्क्यांवर जातो. म्हणजे ही चूक सगळ्या ग्रुपना सारखी नाही, ती तुमच्या डाएटबरोबरच वाढते, आणि अशी चूक अॅनोव्हात झकास "सिग्निफिकंट" होऊन बसते.

आरईआर (सीओटू भागिले ऑक्सिजन) वाचताना तर हे अजून महत्त्वाचं. १ ग्रॅम नायट्रोजनएवढं प्रोटीन जाळायला सुमारे ६ लिटर ऑक्सिजन लागतो आणि ४.८ लिटर सीओटू निघतो. वरचेच वायूचे आकडे घ्या, १० आणि ९, आरईआर ०.९. नायट्रोजन ०.२ असेल तर प्रोटीन वजा केल्यावर उरतं ८.०४ भागिले ८.८, म्हणजे ०.९१, जवळजवळ तेच. नायट्रोजन १ असेल तर उरतं ४.२ भागिले ४, म्हणजे १.०५, आणि १ च्या वर याचा अर्थ कार्बोहायड्रेटपासून चरबी बनतेय. तोच ०.९, दोन रॅटमधे दोन अगदी वेगळ्या गोष्टी! तेव्हा हाय-प्रोटीन ग्रुप असलेल्या प्रयोगात लघवी गोळा केल्याशिवाय आरईआरवर बोलूच नये.

लघवी गोळा करायच्या भांड्यात थोडं पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड आधीच घालून ठेवा, नाहीतर अमोनिया उडून जातो. फनेलवर चिकटलेलं डिस्टिल्ड वॉटरने धुऊन त्यातच घ्या.

शेवटचा दिवस

आदल्या रात्री उपाशी ठेवायची सवय असते आपल्याला, ५ डिग्रीत ते करू नका, दुप्पट जाळणारा प्राणी रात्रभर उपाशी राहिला तर सकाळी तुम्ही उपासाचं ब्राऊन फॅट बघाल. सकाळी चार तास खाणं काढलं तरी पुरे. प्राणी थंड खोलीतून काढल्यावर लगेच काम करा, बाहेर टेबलावर पिंजरे रांगेत मांडून ठेवले की शेवटच्या नंबरच्या रॅटची थंडी केव्हाच उतरलेली असते. ग्रुप आलटून पालटून घ्या. भूल द्यायची तर हॅलोथेनसारख्या हुंगायच्या भुलीने ब्राऊन फॅटची उष्णता दबते हे ध्यानात ठेवून ठरवा.

ब्राऊन फॅट काढायला रॅट पालथा ठेवा, मानेच्या मागून दोन खांद्यांच्या मधे कातडी उघडा. वर पांढऱ्या चरबीचा थर दिसतो, तो अलगद उचलला की खाली फुलपाखराच्या आकाराच्या दोन पाकळ्या, आणि त्यांच्या खालून मधोमध एक जाड शीर निघते. २८ वाल्यात ते फिकट, क्रीमसारखं, पांढऱ्या चरबीपासून वेगळं ओळखायला डोळे ताणावे लागतात, ५ वाल्यात गडद लालसर तपकिरी, बघता क्षणी कळतं. पांढरी चरबी कातरून काढायचं काम एकाच माणसाने करावं आणि त्याला ग्रुप माहीत नसावा, अर्थात रंगावरून त्याला कळतंच, पण निदान डाएट तरी कळणार नाही.

नुसत्या वजनावरून काही ठरवू नका, कारण गरम खोलीतल्या ब्राऊन फॅटमधे चरबी साठूनही वजन वाढतं. अर्धा भाग लिक्विड नायट्रोजनमधे, छोटा तुकडा फॉर्मलिनमधे. यूसीपी१ साठी वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन मोजायची चाचणी) केलात तर मिलिग्रॅम प्रोटीनमागे किती एवढ्यावर थांबू नका, पूर्ण डेपोत (ब्राऊन फॅटच्या अख्ख्या गोळ्यात) एकूण किती ते काढा, कारण थंडीत डेपोच मोठा होतो आणि प्राण्याच्या दृष्टीने एकूण ताकद महत्त्वाची. लिव्हरमधे एफजीएफ२१, रक्तात एफजीएफ२१, टी३ (थायरॉइडचं हॉर्मोन), युरिया, ट्रायग्लिसराइड. हॉर्मोन मोजायचं एलायझा किट रॅटसाठी चालतं का ते मागवायच्या आधी विचारा, माईसचं किट रॅटला चालेलच असं नाही आणि किटच्या किमती तुम्हाला माहीतच आहेत.

आकडे वाचताना

एकूण खर्चाला शरीराच्या वजनाने भागून "प्रति ग्रॅम" करू नका. कमी प्रोटीनवाले रॅट लहान राहतात, लहान आकड्याने भागलं की त्यांचा मेटाबॉलिझम आपोआप "जास्त" दिसतो, जैविक काही न घडताही. अॅनकोव्हा (वजनातला फरक हिशोबात धरणारी अॅनोव्हा) वापरा, वजन किंवा लीन मास (चरबी सोडून उरलेलं वजन) को-व्हेरिएट म्हणून घाला. लीन मास मोजायची सोय नसेल तर प्राण्याचं वजन वजा काढलेले चरबीचे डेपो एवढं तरी घ्या.

मुख्य परिणामांच्या आधी इंटरॅक्शन (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून आहे का ते) बघा. २८ डिग्रीला ५ टक्केवाल्यांचं यूसीपी१ आणि एफजीएफ२१ २० टक्केवाल्यांपेक्षा वर असेल आणि ५ डिग्रीला सगळे ग्रुप यूसीपी१ मधे एकाच उंचीवर असतील तर "थंडीत प्रोटीनचा परिणाम होत नाही" असं लिहायची घाई करू नका. थंडीने ब्राऊन फॅट आधीच वरपर्यंत चढवलंय, त्यावर आणखी चढायला जागा कमी, शिवाय त्या रॅटने प्रोटीनही जास्त खाल्लंय. यातलं कुठलं कारण ते तुमचा तो १० टक्केवाला जादा ग्रुप सांगेल: तो जर २० टक्केवाल्यासारखा वागला तर ग्रॅमचा खेळ आहे, ५ टक्केवाल्यासारखा वागला तर थंडीच्या चढाईकडे बोट जातं. तसंच ४० टक्केवाल्यांचा एकूण खर्च २८ ला जास्त आणि ५ ला इतरांएवढाच आला तर तो फसलेला डेटा नाही, रुब्नरचा कुत्राच आहे तो.

मेथड्समधे शेवटी एवढं नक्की लिहा: खोलीचं लॉगरवरचं सरासरी तापमान आणि चढउतार, पिंजऱ्यात किती प्राणी, तूस किती ग्रॅम, केसिनमधलं मोजलेलं नायट्रोजन, आणि प्रत्येक ग्रुपने दिवसाला खाल्लेलं प्रोटीन ग्रॅममधे. डाएटचे नमुने थिसिस जमा होईपर्यंत फ्रीझरमधून काढू देऊ नका, पिशवीवर बॅच आणि तारीख पक्क्या मार्करने, कारण साध्या पेनाची शाई दव धरलं की पुसते.